'ऑल' क्वांटिटी की नंबर? इंग्रजी विशेषणाचा प्रकार ओळखण्याआधी त्याचं नाम शोधा

प्रश्न असा आहे: "मी तलाठी भरती आणि टीईटी या दोन्ही परीक्षांची तयारी करते आहे. शिक्षण मराठी माध्यमातून झालं. अ‍ॅडजेक्टिव्हचे दहा प्रकार व्याख्यांसकट पाठ आहेत, तरी सराव प्रश्नपत्रिकेत निम्मे चुकतात. 'ऑल' एकदा क्वांटिटी (परिमाण) असतं, एकदा नंबर (संख्या). 'दिस' कधी विशेषण, कधी सर्वनाम. 'स्टोन वॉल'मधला 'स्टोन' नाम म्हणायचा की विशेषण? खात्रीने ओळखायची काही पद्धत आहे का?"

पद्धत आहे, आणि ती अवघड नाही. मी 26 वर्षं मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवतो आहे. इतक्या वर्षांत पुन्हापुन्हा दिसलं ते असं, की ज्यांची यादी चोख पाठ असते तीच मुलं या प्रश्नात जास्त अडखळतात. यादीत प्रकारापुढे शब्द दिलेले असतात. 'सम, मच, लिटल, ऑल, इनफ' म्हणजे क्वांटिटी, असं एकदा डोक्यात बसलं की पेपरात 'ऑल' दिसताच हात त्या पर्यायावर जातो. वाक्य वाचलंच जात नाही. प्रत्यक्षात प्रकार शब्दाला चिकटलेला नसतो. त्या वाक्यात तो शब्द कोणत्या नामाबद्दल काय सांगतो आहे, यावर प्रकार ठरतो.

म्हणून मी फळ्यावर वाक्य लिहिलं की मुलांना पहिलं काम देतो ते बाणाचं. ज्या शब्दाची शंका आहे तिथून निघायचं आणि त्याच्या नामापर्यंत लाल खडूने बाण काढायचा. बाण नामावर पोहोचला तर विशेषण. क्रियापदावर किंवा दुसऱ्या विशेषणावर गेला तर क्रियाविशेषण. बाण काढायला जागाच नसेल, शब्द एकटाच कर्ता किंवा कर्म होऊन बसला असेल, तर सर्वनाम किंवा नाम. प्रकार कोणता हा प्रश्न त्यानंतरचा.

'दिस'चं कोडं इथेच सुटतं. 'दिस पेन इज माइन' यात 'दिस'चा बाण 'पेन'वर जातो, म्हणून ते डेमॉन्स्ट्रेटिव्ह अ‍ॅडजेक्टिव्ह, आपलं दर्शक विशेषण. 'दिस इज माय पेन' यात 'दिस' स्वतःच कर्ता आहे, म्हणून सर्वनाम. मग 'माय'? त्याचा बाण लगेच पुढच्या 'पेन'वर, म्हणून पझेसिव्ह अ‍ॅडजेक्टिव्ह. पहिल्या वाक्यातलं 'माइन' एकटं उभं आहे, म्हणून सर्वनाम. 'माय-माइन', 'युअर-युअर्स', 'देअर-देअर्स' या जोड्यांत रूपच बदलतं, त्यामुळे तिथे चूक होत नाही. परीक्षक 'हिज' विचारतात, कारण त्याचं रूप दोन्हीकडे सारखं. 'दिस इज हिज बॅग' इथे विशेषण, 'दिस बॅग इज हिज' इथे सर्वनाम. तसंच 'हर'. 'आय मेट हर' यात सर्वनाम, 'आय मेट हर ब्रदर' यात विशेषण.

आता 'ऑल'कडे येऊ. इथे मराठी माध्यमाच्या मुलाला खरी अडचण कुठे येते ते नीट सांगायला हवं. आपल्या शालेय व्याकरणात विशेषणाचे मुख्य प्रकार तीनच: गुणविशेषण, संख्याविशेषण, सार्वनामिक विशेषण. 'थोडे, काही, सर्व' हे शब्द आपण सरळ अनिश्चित संख्याविशेषणात घालतो, मग ते दुधाबद्दल असोत की मुलांबद्दल. 'थोडं दूध' आणि 'थोडी मुलं' यांत वेगळं काही आहे असं आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं. इंग्रजीत मात्र तिथे भिंत आहे. नाम मोजता येणारं असेल तर नंबर, न येणारं असेल तर क्वांटिटी. 'ऑल द मिल्क' क्वांटिटी, 'ऑल द बॉइज' नंबर. 'सम शुगर' क्वांटिटी, 'सम स्टुडंट्स' नंबर. 'नो मनी' क्वांटिटी, 'नो चेअर्स' नंबर. म्हणजे उत्तर 'ऑल'मध्ये नाहीच, ते 'मिल्क' आणि 'बॉइज'मध्ये आहे.

एवढं सांगितलं की मुलं मान डोलावतात आणि पुढच्याच वाक्यात चुकतात, कारण मोजता येणारं कोणतं हे ती मराठीत ठरवतात. एकदा सातवीच्या एका मुलीने वहीत 'मेनी राइस' लिहिलं होतं. मी विचारलं, 'मेनी' का लिहिलंस? ती म्हणाली, "सर, तांदूळ निवडले म्हणतो ना आपण, निवडला नाही म्हणत." तिचं निरीक्षण अचूक होतं. मराठीत तांदूळ निवडतात तेव्हा ते अनेकवचनी असतात, पोहे भिजतात तेही अनेकवचनी, केस पिकतात, पैसे संपतात. इंग्रजीत 'राइस', 'हेअर', 'मनी' सगळे एकवचनी आणि न मोजता येणारे. 'हिज हेअर इज व्हाइट', 'हाऊ मच मनी'. आपण एक बातमी, दोन बातम्या म्हणतो. इंग्रजीत 'न्यूज' दिसायला अनेकवचनी आणि वागायला एकवचनी. सल्ले अनेक देता येतात, पण 'अ‍ॅडव्हाइस'ला 'मेनी' चालत नाही. त्या दिवसापासून मी मुलांना वहीच्या मागच्या पानावर एक यादी करायला लावतो: मराठीत अनेकवचनी, पण इंग्रजीत न मोजता येणारी नामं. प्रकारांच्या दहा व्याख्यांपेक्षा ही वीसेक शब्दांची यादी तुमचे जास्त गुण वाचवेल. तिच्यात 'राइस, हेअर, मनी, न्यूज, अ‍ॅडव्हाइस' आलेच. 'फर्निचर, लगेज, इन्फर्मेशन, ब्रेड, होमवर्क' हेही घाला. पुढे जे भेटतील ते स्वतः जोडत जा.

क्वांटिटी आणि नंबरबद्दल बोलतोच आहोत तर 'लिटल' आणि 'फ्यू'चं बघून घेऊ, कारण त्यावर प्रश्न येतोच. 'ही हॅज फ्यू फ्रेंड्स' याचं भाषांतर मुलं 'त्याला थोडे मित्र आहेत' असं करतात आणि अर्थ उलटतो. इंग्रजी वाक्यात 'नॉट' नाही, तरी मराठीत ते नकारार्थीच करावं लागतं: त्याला फारसे मित्र नाहीत. 'अ फ्यू फ्रेंड्स' म्हणजे चार-दोन मित्र आहेत. 'द फ्यू फ्रेंड्स ही हॅड' म्हणजे जे काही थोडे होते तेवढे सगळे. 'लिटल', 'अ लिटल', 'द लिटल' हे असंच, फक्त न मोजता येणाऱ्या नामासाठी. प्रकार विचारला तर 'फ्यू' नंबर, 'लिटल' क्वांटिटी. पण 'अ लिटल गर्ल' आलं की थांबायचं. तिथे 'लिटल' म्हणजे लहान, ते गुण सांगतं, म्हणून क्वालिटी. बाण 'गर्ल'वर काढला की हे आपोआप कळतं, कारण मुलीचं परिमाण कोणी सांगत नाही.

'इनफ' हा शब्द मला शिकवायला फार आवडतो, कारण तो एकटाच सगळा धडा घेऊन येतो. 'वी हॅव इनफ वॉटर' इथे क्वांटिटी. 'वी हॅव इनफ चेअर्स' इथे नंबर. 'ही इज टॉल इनफ' यात बाण 'टॉल'वर, म्हणजे विशेषणावर गेला, म्हणून क्रियाविशेषण. आणि 'इनफ हॅज बीन सेड' यात तो स्वतः कर्ता आहे, म्हणून सर्वनाम. शब्द एकच असून चार वाक्यांत त्याची चार उत्तरं झाली. ही चार वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहून त्यांचे बाण काढले की वर्गात पुन्हा व्याख्या सांगावी लागत नाही.

निश्चित संख्येत काही अवघड नाही. 'फाइव्ह' गणनावाचक, 'फिफ्थ' क्रमवाचक, 'डबल' आवृत्तिवाचक. आपल्या पाच, पाचवा, दुप्पटसारखंच. पुढे जाऊ.

'ईच, एव्हरी, आयदर, नायदर' यांना डिस्ट्रिब्युटिव्ह म्हणतात. समूहातल्या एकेकाकडे वेगळं बोट दाखवणारे शब्द. इथे एक खूण पक्की धरा: 'एव्हरी' कधीच एकटं उभं राहत नाही. 'ईच बॉय' चालतं, 'ईच ऑफ द बॉइज' चालतं. 'एव्हरी बॉय' चालतं, पण 'एव्हरी ऑफ द बॉइज' नाही, 'एव्हरी वन ऑफ द बॉइज' म्हणावं लागतं, आणि तिथेही 'एव्हरी'चा बाण 'वन'वर जातो. म्हणून 'एव्हरी' दिसलं की विशेषण, शंका नको. 'ईच'ला मात्र वाक्य वाचावं लागतं: 'ईच बॉय' यात विशेषण, 'ईच ऑफ देम' यात सर्वनाम. दोघांतच निवड असेल तर 'ईच' चालतं, 'एव्हरी' तीन किंवा अधिकांना लागतं. आणखी दोन जागा बघून ठेवा. 'एव्हरी अदर डे' म्हणजे एक दिवसाआड. आणि 'ट्रीज ऑन आयदर साइड ऑफ द रोड' म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं, कोणत्या तरी एका बाजूला नाही.

प्रश्नार्थक प्रकारात शब्द तीनच: 'व्हॉट, विच, हूज'. पुढे नाम असेल तर विशेषण, नसेल तर सर्वनाम. 'विच बस गोज टू पंढरपूर?' विशेषण. 'विच इज युअर बस?' सर्वनाम. शेवटी प्रश्नचिन्ह नसेल आणि उद्गारचिन्ह असेल तर 'व्हॉट अ कॅच!' यातलं 'व्हॉट' एक्सक्लमेटरी. 'काय झेल घेतला!' यातला 'काय' तसाच.

'ओन' आणि 'व्हेरी' या दोघांना एम्फसायझिंग, म्हणजे नामावर जोर देणारे, म्हणतात. 'व्हेरी' म्हटलं की आपल्याला 'खूप' आठवतं, म्हणून परीक्षक हाच शब्द निवडतात. 'व्हेरी टॉल बॉय' यात 'व्हेरी'चा बाण 'टॉल'वर, म्हणून क्रियाविशेषण. 'द व्हेरी मॅन' यात बाण थेट 'मॅन'वर, म्हणून विशेषण, आणि अर्थ 'खूप माणूस' असा होत नाही, 'तोच माणूस' असा होतो. आपण जिथे शब्दाला 'च' लावतो तिथे इंग्रजी कधीकधी हे 'व्हेरी' वापरते. 'त्याच क्षणी' म्हणजे 'अ‍ॅट दॅट व्हेरी मोमेंट'.

आता गुणविशेषण, सगळ्यांत मोठं घर. इथे प्रकार ओळखणं सोपं आणि जागा ओळखणं अवघड. मराठी व्याकरणात नामाआधी येणाऱ्याला अधिविशेषण आणि नामानंतर विधेयात येणाऱ्याला विधिविशेषण म्हणतात: 'हुशार मुलगी', 'मुलगी हुशार आहे'. आपली बहुतेक विशेषणं दोन्ही जागी फिरतात. इंग्रजीतही बहुतेक फिरतात, पण सगळी नाही. 'झोपलेलं बाळ' आणि 'बाळ झोपलेलं आहे' दोन्ही आपण म्हणतो, म्हणून मुलं 'अ‍ॅन अस्लीप बेबी' लिहितात. 'द बेबी इज अस्लीप' बरोबर, पण नामाआधी 'स्लीपिंग बेबी'च हवं. 'अलाइव्ह, अवेक, अफ्रेड, अलोन' हे शब्दही एकटे असताना नामाआधी जात नाहीत. 'अस्लीप' आणि 'अलाइव्ह' यांचं कारण त्यांच्या जन्मात आहे. जुन्या इंग्रजीत ते 'ऑन स्लीप', 'ऑन लाइफ' असे दोन शब्द होते. तो 'ऑन' झिजून 'अ' झाला आणि पुढच्या शब्दाला चिकटला. 'झोपेत' हा शब्द आपण 'झोपेत बाळ' असा नामाआधी लावत नाही, तसंच हे. उलट 'मेन, मियर, फॉर्मर' हे फक्त नामाआधी येतात. 'द रीझन इज मेन' असं होत नाही.

जागेने अर्थही बदलतो. 'द प्रेझेंट हेडमास्टर' म्हणजे सध्याचे मुख्याध्यापक. 'द हेडमास्टर इज प्रेझेंट' म्हणजे मुख्याध्यापक हजर आहेत. 'ही इज लेट' म्हणजे त्याला उशीर झाला आहे. 'हिज लेट फादर' म्हणजे त्याचे दिवंगत वडील. रजेच्या अर्जात 'माय लेट फादर' असं लिहून वडिलांच्या उशिराबद्दल सांगू पाहणारा विद्यार्थी मी पाहिला आहे. त्याचे वडील ठणठणीत होते.

व्यक्ती किंवा स्थळाच्या नावावरून झालेलं विशेषण ते प्रॉपर अ‍ॅडजेक्टिव्ह. 'इंडियन, जॅपनीज, व्हिक्टोरियन' वगैरे, पहिलं अक्षर मोठं. आपल्याला हे नवं नाही, कोल्हापुरी चप्पल आणि सोलापुरी चादर आपण रोज म्हणतो. इंग्रजीत 'कोल्हापुरी चप्पल्स' लिहिलंत तर ते प्रॉपर अ‍ॅडजेक्टिव्ह झालं. पण 'नागपूर ऑरेंजेस' लिहिलंत तर? तिथे 'नागपूर'चं रूप बदललेलं नाही, ते नामच आहे आणि दुसऱ्या नामाचं विशेषण म्हणून काम करतं आहे. मराठीत 'देवगड हापूस' म्हणतो तसं. आपल्याकडे याला नामसाधित विशेषण म्हणतात.

तुमचा 'स्टोन वॉल' याच रांगेतला. 'स्टोन' मुळात नाम आहे, कामाने विशेषण आहे. ओळखायची कसोटी अशी: त्याच्या आधी 'व्हेरी' लावून बघा. 'व्हेरी हाय वॉल' होतं, 'व्हेरी स्टोन वॉल' होत नाही, 'व्हेरी स्कूल बस' होत नाही. गुण कमी-जास्त होतो, म्हणून खऱ्या गुणविशेषणाला 'व्हेरी' बहुतेक वेळा सोसतं. पर्यायांत 'नाउन यूज्ड अ‍ॅज अ‍ॅडजेक्टिव्ह' असेल तर तेच निवडा. तो पर्याय नसेल आणि नाम की विशेषण एवढंच विचारलं असेल तर शालेय व्याकरणाच्या रीतीने विशेषण लिहा, कारण बाण 'वॉल'वर जातो.

या जागेवर लेखनाची एक चूक फार होते. दहा रुपयांची नोट, पाच वर्षांची योजना, असं आपण अनेकवचनात म्हणतो, म्हणून 'टेन-रुपीज नोट', 'फाइव्ह-इयर्स प्लॅन' लिहिलं जातं. बरोबर 'टेन-रुपी नोट', 'फाइव्ह-इयर प्लॅन'. नामाआधी विशेषणाचं काम करताना नाम एकवचनी राहतं. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगली मुलं असं आपलं विकारी विशेषण लिंगवचनाप्रमाणे वळतं. इंग्रजी विशेषण 'गुड'च राहतं. दर्शक विशेषणं तेवढी वळतात: 'दिस'चं 'दीज', 'दॅट'चं 'दोज'.

धातुसाधितांकडे, म्हणजे क्रियापदापासून झालेल्या विशेषणांकडे, थोडं जास्त लक्ष द्या. 'आय अ‍ॅम बोरिंग' ही चूक माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक तुकडीत कोणीतरी करतंच. 'मला कंटाळा आला' म्हणायचं असतं, आणि वाक्याचा अर्थ होतो 'मी कंटाळवाणा आहे'. ज्याच्यामुळे कंटाळा येतो तो 'बोरिंग', ज्याला येतो तो 'बोअर्ड'. 'इंटरेस्टिंग-इंटरेस्टेड', 'टायरिंग-टायर्ड' तसंच. हे सगळे गुणवाचक. पण 'इंग' दिसलं की विशेषण असं नाही. 'रनिंग वॉटर' यात विशेषण, 'द बॉय इज रनिंग' यात क्रियापद. आणि 'द स्टोरी इज एक्सायटिंग'? 'व्हेरी एक्सायटिंग' म्हणता येतं, म्हणून विशेषण. 'द स्टोरी इज एक्सायटिंग द चिल्ड्रेन' असं पुढे कर्म आलं की तेच क्रियापद झालं.

'एल-वाय' ही अक्षरं (उच्चार 'ली') शेवटी आली की क्रियाविशेषण, असाही एक समज आहे. विशेषणाला 'ली' लागलं तर बहुतेकदा क्रियाविशेषण: 'क्विक'चं 'क्विकली'. नामाला लागलं तर बहुतेकदा विशेषण: 'फ्रेंड'चं 'फ्रेंडली', 'कॉवर्ड'चं 'कॉवर्डली', 'मदर'चं 'मदरली'. 'डेली'ला दोन्ही कामं येतात. 'अ डेली पेपर' विशेषण, 'द पेपर कम्स डेली' क्रियाविशेषण. 'फास्ट, हार्ड, अर्ली' हेही दुहेरी. इथे पुन्हा बाणच.

बाण फसवतो अशी जागा एकच, म्हणून ती सावकाश पाहू. 'द मँगो टेस्ट्स स्वीट' यात 'स्वीट' क्रियापदाच्या लगेच पुढे आहे, म्हणून मुलं बाण 'टेस्ट्स'वर काढतात आणि क्रियाविशेषण लिहितात. पण गोड काय आहे, आंबा की लागणं? आंबा. म्हणून विशेषण. 'लुक, स्मेल, टेस्ट, फील, साउंड, सीम, बिकम' ही क्रियापदं कर्त्याला त्याच्या विशेषणाशी जोडतात. तिथे क्रियापदाऐवजी 'इज' ठेवून बघा. 'द मँगो इज स्वीट' अर्थ टिकला, म्हणून विशेषण. 'शी लुक्ड अँग्री' विशेषण. 'शी लुक्ड अँग्रिली अ‍ॅट हिम' क्रियाविशेषण, कारण इथे पाहणं ही खरी क्रिया आहे आणि ते रागाने झालं.

इथे मराठी अर्धी मदत करते आणि अर्धी दिशाभूल. 'आमटी चांगली लागते', 'रस्सा चांगला लागतो'. 'चांगला' कर्त्याप्रमाणे वळलं, म्हणजे ते कर्त्याचं विशेषण, आणि इंग्रजीतही 'टेस्ट्स गुड'. जमलं. पण 'ती चांगली गाते', 'तो चांगला गातो' इथेही 'चांगला' वळतं, आणि इंग्रजीत मात्र 'शी सिंग्ज वेल' हवं, 'गुड' नको. मुलं 'शी सिंग्ज गुड' लिहितात ती आळसाने लिहीत नाहीत, त्यांच्या भाषेचा नियम पाळून लिहितात. हे त्यांना सांगितलं की चूक सुटते. नुसतं लाल शाईने खोडलं तर ती पुढच्या वर्षी परत येते.

एक उलट प्रकारही आहे. 'द पुअर नीड हेल्प' यात 'पुअर'चा बाण कुठेच जात नाही, कारण इथे ते गरीब लोक या अर्थाचं नाम झालं आहे. 'शहाण्याला शब्दाचा मार' यात 'शहाणा' या विशेषणाला थेट विभक्ती लागली ती त्याचं नाम झालं म्हणूनच. इंग्रजीत असं 'द' लागून आलेलं विशेषण लोकांच्या गटासाठी वापरतात आणि क्रियापद अनेकवचनी घेतात: 'द पुअर नीड', 'नीड्स' नाही.

आता नव्या आणि जुन्या पद्धतीबद्दल. अलीकडच्या इंग्रजी व्याकरणात 'दिस, माय, ईच, सम, विच' या सगळ्यांना विशेषण न म्हणता डिटर्मिनर, म्हणजे नाम कोणतं, कोणाचं किंवा किती हे ठरवणारे शब्द, म्हणतात, आणि त्याला कारण आहे. या शब्दांतले बरेचसे एका नामाआधी एकच येतात. 'दिस माय बुक' होत नाही. मराठीत 'हे माझं पुस्तक' अगदी सहज होतं, म्हणून आपली मुलं ही चूक हमखास करतात. इंग्रजीत 'दिस बुक ऑफ माइन' म्हणावं लागतं. गुणविशेषणांना अशी अट नाही, 'बिग ब्लॅक डॉग' खुशाल होतं. मला स्वतःला नवी विभागणी जास्त पटते. पण परीक्षेत पर्यायांकडे बघायचं. चार पर्यायांत डिटर्मिनर असेल तर ते निवडा, नसेल तर जुन्या प्रकाराचं नाव. पहिल्या उत्तरतालिकेत एखादं उत्तर चुकीचं वाटलं तर हरकत नोंदवायची मुदत असते. तेव्हा भांडणाचा सूर न लावता वाक्य, नाम आणि बाण एवढं दोन ओळींत मांडायचं.

रोजच्या सरावासाठी प्रश्नसंचांपेक्षा एखाद्या इंग्रजी वर्तमानपत्रातली बातमी घ्या, सहा-सात ओळींची. पेन्सिलने प्रत्येक विशेषणाचा बाण काढा आणि समासात प्रकार लिहा. पंधरा मिनिटं पुरतात.

आत्ता एक वाक्य माझ्यासोबत करून बघा: 'दोज फ्यू कोल्हापुरी ट्रेडर्स वेटेड द होल डे इन द बर्निंग सन फॉर देअर फर्स्ट कस्टमर.' 'ट्रेडर्स'वर तीन बाण येतात: 'दोज' दर्शक, 'फ्यू' संख्यावाचक, 'कोल्हापुरी' प्रॉपर. 'डे'वर 'होल'. दिवस मोजता येतात म्हणून नंबर म्हणाल, पण इथे दिवस किती ते सांगितलेलं नाही, एकाच दिवसाचा किती भाग ते सांगितलं आहे, म्हणून क्वांटिटी. 'सन'वर 'बर्निंग', धातुसाधित गुणवाचक. 'कस्टमर'वर दोन: 'देअर' स्वामित्वदर्शक आणि 'फर्स्ट' क्रमवाचक. उरले दोन 'द'. जुनी पुस्तकं उपपदांनाही दर्शक विशेषणांतच धरतात, नवी डिटर्मिनर म्हणतात, आणि बाण त्यांचेही 'डे' आणि 'सन'वरच जातात.